उघड्या डोळ्यांच्या आत्याबाई

प्रार्थनेसाठी माना खाली गेल्या की आमच्या मंडळीत सगळ्यांचे डोळे मिटत. आत्याबाईंचे तेवढे उघडे असत. भिंतीलगत एक आडवा बाक होता, तिथून सगळ्यांचे चेहरे दिसत. त्या बाकाच्या टोकाला, पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन त्या ताठ बसत आणि प्रार्थना संपेपर्यंत एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत. घाई नाही, लपवाछपवी नाही. तांदूळ निवडायला बसलेल्या बाईची नजर असते तशी. हे मला पहिल्याच रविवारी कळले, कारण परक्या शहरात नुकत्याच आलेल्या माणसाचे डोळे प्रार्थनेतही नीट मिटत नाहीत. मी चोरून वर पाहिले तर त्यांची नजर थेट माझ्यावर होती. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. माझ्यावरून पुढच्या चेहऱ्यावर गेल्या.

पाळकांनी एकदा त्यांना याबद्दल हळूच विचारले होते म्हणे. तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही मिटा, साहेब. सगळ्यांनीच मिटले तर बाहेरच्या चपलांकडं कोण बघणार?” पाळक हसले आणि तो विषय तिथेच संपला. खरे कारण मला कळायला काही वर्षे जावी लागली.

पन्नासचे दशक संपत आले होते तेव्हाची ही गोष्ट. मी बेळगावच्या पलीकडच्या एका लहान गावातून बंगलोरला आलो होतो. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडत. त्यांना सही येत नव्हती. मिशनच्या बोर्डिंगात राहून मी शाळा शिकलो, मिशनच्याच मदतीने कॉलेजात गेलो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात, तपासणी खात्यात, मला नोकरी लागली. मल्लेश्वरमला एका घराच्या मागच्या अंगणात खोली घेतली. कारखान्यात इंग्रजी, बसमध्ये कन्नड आणि खोलीत कोणीच नाही, असा माझा आठवडा जाई. मराठी कानावर पडे ती रविवारी दुपारी.

छावणीतल्या एका तमिळ ख्रिस्ती मंडळीने आपले देऊळ, म्हणजे चर्च, आम्हाला दुपारपुरते दिले होते. सकाळच्या उपासनेला आलेल्या बायकांच्या वेण्यांतून गळलेली मोगऱ्याची फुले बाकांवर तशीच पडलेली असत. ती हाताने बाजूला सारून आम्ही मूठभर माणसे बसायचो. कोणी मिरजेचा, कोणी सोलापूरचा, कोणी नगरकडचा, बहुतेक कारखान्यांतले. आमचे पाळक बेळगावहून तीन महिन्यांतून एकदा येत आणि त्याच रविवारी प्रभुभोजन होई. एरवी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी कोणीतरी शास्त्र वाचून चार शब्द बोले.

आमच्याकडे रीत अशी होती, की लहानपणी बाप्तिस्मा झालेला असला तरी मोठेपणी माणसाने आपल्या तोंडाने विश्वासाची साक्ष द्यायची. ती पटली तरच त्याला प्रभुभोजनातली भाकर आणि प्याला मिळायचा. माझ्या बरोबरीच्या मुलांनी साक्ष दिली त्या वर्षी मी कॉलेजसाठी दुसऱ्या गावी होतो, म्हणून माझी राहून गेली होती. आत्याबाई काही पंच नव्हत्या. तेव्हा बायकांना पंच करत नसत. पण पाळक आले की आधी त्यांनाच विचारत, “काय आत्याबाई, नवीन माणूस कसा आहे?” त्यांनी “सरी” म्हटले की झाले. ‘ठीक आहे’ या अर्थाचा एवढा एक कन्नड शब्द त्यांनी बंगलोरकडून घेतला होता, आणि तो त्या फार जपून वापरत.

त्यांचे सगळे आयुष्य बायबलबाईच्या कामात गेले होते. खांद्याला झोळी अडकवून खेडोपाडी पायी हिंडायचे, बायकांच्या चुलीपाशी बसून गोष्टी सांगायच्या, जमले तर त्यांना अक्षर शिकवायचे. उतारवयात एका मडमेच्या सोबतीला म्हणून त्या बंगलोरला आल्या. मडम आपल्या देशी निघून गेली आणि आत्याबाई एका खोलीत एकट्या राहिल्या. त्यांचे नाव कृपाबाई. पण त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरले नव्हते.

“साक्ष रविवारी देतात, विश्वास बुधवारी बघावा,” असे त्या म्हणत. आणि खरोखरच बुधवारी बघायला जात. न सांगता, नेमक्या जेवणाच्या वेळी. गेल्यावर शास्त्रातले एक वचनही विचारत नसत. पाणी मागत आणि भिंतीला टेकून बसून राहत. घरातल्या म्हातारीचे अंथरूण कुठे घातले आहे, मोलकरणीला हाक कशी मारतात, जेवणाआधी प्रार्थना होते का, आणि ती रोजची आहे की पाहुणीसाठी केलेली, एवढे त्यांना पुरे होई. बुधवार आला की काही घरांत संध्याकाळी उगीचच झाडलोट होई.

माझ्याकडेही त्या अशाच आल्या. मी भाताला वाफ आणत होतो तेव्हा घरमालकीण दारातून ओरडली, “निम्म अज्जी बंदिद्दारे!” तुमची आजी आली आहे! मी धावत बाहेर गेलो. मला आजी नव्हती, पण बंगलोरात माझ्याकडे आलेले ते पहिले माणूस होते. आत्याबाई माझ्या ट्रंकेवर बसल्या. ताटे वाढली. मी डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात केली. घरचे, दारचे, देशाचे पुढारी, आजारी, प्रवासी, सगळ्यांना आठवून मी आमेन म्हटले आणि वर पाहिले. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

“भात गार झाला,” त्या म्हणाल्या.

“हो, जरा…”

“रोज एवढी मोठी करतोस?”

“नाही.”

“मग आजची कोणासाठी होती?”

माझे कान तापले. त्या मात्र मोठ्याने हसल्या आणि जेवू लागल्या. “बी. एस्सी. झालास ना? कारखान्यात करतोस काय?” मी सांगितले, की बाहेरून येणारे सुटे भाग गेज लावून तपासतो. मापात असेल तर पास, नसेल तर परत. “म्हणजे माझंच काम की,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडं गेज, माझ्याकडं बुधवार.” त्या दिवसापासून त्या मला ‘बी. एस्सी.’ अशीच हाक मारू लागल्या.

पुढच्या वेळी पाळक आले तेव्हा मी साक्ष द्यायला उभा राहिलो. मी मनापासून बोललो. खडी फोडणाऱ्याच्या पोराला मिशनने उचलले, बोर्डिंगात जेवू घातले, फी भरली, पुस्तके दिली; आज मी जो आहे तो त्यामुळेच आहे, असे सांगितले. एकदोघींनी डोळे पुसले. मग पाळकांनी आडव्या बाकाकडे पाहिले.

“पोरगा चांगला आहे, साहेब,” आत्याबाई म्हणाल्या. “पण त्यानं आभार मानले ते बोर्डिंगच्या स्वयंपाकघराचे. देवाबद्दल मी अजून काही ऐकलं नाही. थांबू दे थोडं.”

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठले. “राग आला?”

“नाही.”

“येऊ दे, येऊ दे. पण एक सांग, बी. एस्सी., बोर्डिंग नसतं, फी कोणी भरली नसती, तू आज बापाशेजारी खडी फोडत बसला असतास. तरी देवाचं नाव घेतलं असतंस?”

मी चपला पायात सरकवू लागलो.

“उत्तर आलं म्हणजे सांग,” म्हणून त्या छत्री टेकत बसच्या थांब्याकडे गेल्या.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी प्रभुभोजनाचा रविवार आला की तो प्याला आमच्या रांगेतून हातोहात येई. माझ्या अलीकडचा माणूस माझ्या छातीसमोरून हात लांब करून पलीकडच्याला तो देई. त्यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. रीतच तशी होती. पण तेवढा वेळ मी बाकावर असूनही तिथे नसल्यासारखा होई. उपासना संपल्यावर लोक बिऱ्हाडांकडे जात, मी बसने मल्लेश्वरमला येई आणि दिवा लावून बसे. आत्याबाईंच्या प्रश्नाला मी किती उत्तरे तयार केली! प्रत्येक उत्तर दुसऱ्या दिवशी खोटे वाटे. जवळच इंग्रजी उपासनेचे मोठे देऊळ होते. तिथे कोणी काही न विचारता मला प्याला दिला असता. एकदा त्याच्या फाटकापर्यंत गेलोही. पण मला तो मराठीतच हवा होता, ज्यांनी मला थांबवले त्यांच्याच हातून.

नवल म्हणजे आत्याबाईंचे बुधवारी येणे काही थांबले नाही. पंच म्हणत, बी. एस्सी.ची परीक्षा अजून चालू आहे. मला मात्र बुधवारी दोन माणसांचा भात टाकायची सवय लागली. त्या ट्रंकेवर बसून खेड्यापाड्यांतल्या गोष्टी सांगत, माझ्या आमटीला नावे ठेवत. कधी कधी बराच वेळ कोणीच काही बोलत नसे. एकटे बसून गप्प असणे आणि दोघांनी बसून गप्प असणे यात किती फरक आहे, हे मी तेव्हा शिकलो. आताशा माझी प्रार्थना लहान झाली होती. वर पाहिले की त्यांचे डोळे उघडेच असत, आणि त्यांचा एक हात ताटाच्या कडेवर असे. त्या हाताचा अर्थ मला कळत नव्हता.

मग थॉमस गायकवाडांचे प्रकरण झाले. गायकवाड सोलापूरचे, आवाज गोड, प्रार्थना अशी करीत की ऐकणाऱ्याला रडू यावे. त्यांना पंच करावे असे सगळ्यांच्या मनात होते. आत्याबाई एका बुधवारी त्यांच्या घरी जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “गळा चांगला आहे. गायनात घ्या. पंच नको.” कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगून टाकले, की रविवारी सगळ्यांना रडवणारा माणूस घरी पाटावर बसला आणि देवाचे नाव न घेता सरळ घास घेतला. यावर कोण काय बोलणार? गायकवाडांचे नाव मागे पडले. ते एक अक्षर बोलले नाहीत. पुढेही येत राहिले, पण त्यांनी मोठ्याने प्रार्थना करणे बंद केले.

वर्षभराने त्यांची बायको मार्था आजारी पडली. आत्याबाई त्यांच्याकडे शेकायला, पेज करून द्यायला जाऊ लागल्या. तेव्हा मार्थाबाईंनीच त्यांना सांगितले. त्यांचे एकुलते एक मूल गेले होते. त्या दिवसापासून जेवणाआधी कोणी आभार मानू लागले की मार्थाबाईंना ते सहन होईना. ताट ढकलून त्या उठून जात. तेव्हा गायकवाडांनी घरात मोठ्याने प्रार्थना करणे सोडून दिले. हात धुवायला म्हणून नळावर जात, पाणी सोडत आणि त्या आवाजात देवाशी काय बोलायचे ते बोलून येत. आत्याबाई गेल्या त्या बुधवारीही ते आधी नळावर जाऊन आले होते. आत्याबाईंनी पाहिले ते फक्त पाटावरचे.

पुढच्या रविवारी शास्त्रवाचन झाल्यावर आत्याबाई आडव्या बाकावरून उठून मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “गायकवाडांबद्दल मी चुकले,” त्या म्हणाल्या. “बायकोसाठी ज्यानं आपली प्रार्थना नळाखाली नेली, त्याला मी खोटा ठरवला. मी बघत होते, पण मला दिसलं नाही. आता मला कोणी काही विचारू नका.” गायकवाड उठले आणि त्यांना हाताला धरून बाकापर्यंत घेऊन गेले. पुढे गायकवाड पंच झाले. आत्याबाईंचे बुधवार बंद झाले. माझ्याकडचा तेवढा चालू राहिला.

त्याच आठवड्यात मी त्यांना विचारले, “आत्याबाई, मग माझं काय? तुम्ही आता सरी म्हणणार नाही, आणि तुम्ही म्हटल्याशिवाय…”

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. “अरे, मी पाचसहा वर्षांची असेन. मोठा दुष्काळ पडलेला. अनाथाश्रमाच्या दारात मला कोणी आणून सोडलं ते ठाऊक नाही. आई असेल, नसेलही. आधीचं नावसुद्धा आठवत नाही मला. पहिल्या दिवशी पुढ्यात भाकरी ठेवली आणि मडम म्हणाली, मुलींनो, डोळे मिटा. मी मिटले. उघडले तर भाकरी नाही! शेजारच्या पोरीनं उचलली होती. तिचा तरी काय दोष? तीही माझ्यासारखीच उपाशी. त्या दिवसापासून नाही मिटले बघ.”

ताटाच्या कडेवरचा तो हात मला तेव्हा कळला.

“लोकांना वाटतं, मी त्यांना पारखते,” त्या म्हणाल्या. “मी बघते, कोण खरोखर मिटतं ते. कोणाला भीती वाटत नाही ते. आणि तुला विचारलं ना, बोर्डिंग नसतं तर? ते मला मीच विचारत आले. आश्रमाची भाकरी मिळाली नसती तर मी देवाची झाले असते का? मला नाही ठाऊक. मला कोणी थांबवलं नाही, कोणी विचारलं नाही. सगळ्यांना बरं वाटलं, पोरगी वाचली, ख्रिस्ती झाली. म्हणून तुला थांबवलं. वाटलं, तू शिकलेला आहेस, तुला तरी उत्तर सापडेल.”

“नाही सापडलं,” मी म्हणालो.

“मग जेव,” त्या म्हणाल्या. “आमटी आज बरी झाली आहे.”

दोन पावसाळ्यांनंतर त्यांचे गुडघे अगदीच गेले. वृद्ध ख्रिस्ती बायकांचा एक आश्रम पुण्याकडे होता, तिथे पाळकांनी त्यांची सोय केली. त्यांना पोहोचवायला स्टेशनवर गायकवाड आणि मी असे दोघे गेलो. चिकपेटेत उत्तर कर्नाटकातल्या एकाचे दुकान होते. तिथून ज्वारीचे पीठ आणून मी भाकऱ्या थापल्या होत्या. दोन फाटल्या, बाकीच्या फडक्यात बांधल्या. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकीशी त्यांना जागा मिळाली. गायकवाड फिरकीचा तांब्या घेऊन पाणी भरायला गेले.

आत्याबाईंनी लगेच मांडीवर फडके सोडले. “आताच खाते. गाडी हलली की मला गिळवत नाही.” मग खिडकीच्या गजाला धरून म्हणाल्या, “बी. एस्सी., प्रार्थना कर.”

डब्यात माणसे ट्रंका घेऊन घुसत होती, हमाल ओरडत होते. मी फलाटावर उभा. काहीच ठरवलेले नव्हते. डोळे मिटून म्हणालो, “प्रभू, भाकरी मिळाली नसती तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. आत्याबाईंनाही ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. आम्ही ते तुझ्यावर सोडतो. यांना नीट पोहोचव. आमेन.”

मी डोळे उघडले. आत्याबाईंचे मिटलेले होते.

भाकरी मांडीवर उघडी होती आणि त्यांचे दोन्ही हात खिडकीच्या गजावर होते. शेजारून लोक धक्के देत जात होते. माझे आमेन होऊन गेले तरी त्यांचे डोळे मिटलेलेच. गायकवाड पाणी घेऊन आले आणि माझ्या मागे तसेच उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी डोळे उघडले आणि आधी खाली, मांडीकडे पाहिले.

“आहे की रे,” त्या म्हणाल्या.

गाडी हलेपर्यंत त्या भाकरी मोडून खात राहिल्या. सरी वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मीही विचारले नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला पाळक आले तेव्हा सवयीने त्यांची नजर आडव्या बाकाकडे गेली. बाकावर तमिळ बायकांची मोगऱ्याची फुले तशीच पडली होती. ती सारायला कोणी नव्हते. “याच्याबद्दल आत्याबाई जाताना काही बोलल्या का?” त्यांनी मला दाखवून विचारले. मी नाही म्हटले. तेव्हा गायकवाड उभे राहिले. “बोलल्या नाहीत,” ते म्हणाले, “पण याच्या प्रार्थनेला त्यांनी डोळे मिटले होते. पुढ्यात भाकरी होती. मी पाहिलं.”

 अनाथाश्रमातल्या त्या भाकरीची गोष्ट माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती, पण आत्याबाईंचे उघडे डोळे सगळ्यांनीच पाहिले होते. पाळकांनी मान हलवली आणि प्रभुभोजनाची भाकर मोडायला घेतली. थोड्या वेळाने प्याला आमच्या रांगेत आला. माझ्या शेजारी गायकवाड होते. त्यांनी माझ्यासमोरून हात लांब केला नाही. वळून तो माझ्या हातात दिला.

त्या बुधवारी मी सवयीने दोन माणसांचा भात टाकला. ताट वाढून घेतले, डोळे मिटले, लहानशी प्रार्थना केली. उघडले तेव्हा समोर नुसती ट्रंक होती. भात गरम होता.